लाल दिवा लागण्याआधी

सकाळी ७.००

आज चार स्पॉट करायचे आहेत. प्रत्येकी ३० सेकंदांचे, चारही सर्पदंशावरचे. मे महिना संपत आलाय. ७ जूनच्या सुमारास मृग लागेल, कोकणात भाताच्या पेरण्या होतील, बिळांत पाणी शिरेल आणि साप कोरडी जागा शोधत घराच्या दिशेने येतील. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. त्यामुळे हे स्पॉट जूनच्या पहिल्या आठवड्यात रेडिओ केंद्रांच्या हातात असायलाच हवेत. जुलैत पोचलेल्या चांगल्या स्पॉटपेक्षा जूनमध्ये पोचलेला साधा स्पॉट जास्त उपयोगाचा.

स्टुडिओ पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. रेकॉर्डिस्ट दादा माझ्या आधी आलेले असतात. ते बूथमध्ये जाऊन दार लावून घेतात आणि नुसते उभे राहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, माणूस काहीच करत नाहीये. पण ट्यूबची गुणगुण, वरच्या मजल्यावरचा फ्रिज, जिन्यातला पाण्याचा पंप, सगळं ते त्या वेळात ऐकून घेतात. मग वॉचमनकाकांना सांगून येतात की पंप साडेनऊच्या आत चालवून घ्या, नंतर थेट दुपारच्या सुट्टीत. टेक चालू असताना एसी बंद असतो, म्हणून खोली आत्ताच गार करून ठेवायची. शेवटी ते रिकाम्या बूथची अर्धा मिनिट शांतता मुद्रित करतात. संध्याकाळी एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये तीच शांतता भरावी लागते. तिथे पूर्ण निःशब्दता ठेवली तर रेडिओ बंद पडल्यासारखा वाटतो.

सकाळी ८.००

स्क्रिप्टच्या प्रती. हे काम मी कुणावर सोपवत नाही. कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात, एक स्पॉट एका पानावर. पान उलटण्याचा आवाज माइकला लगेच कळतो. पिना काढलेल्या. आकडे अक्षरांत: ‘१०८’ नाही, ‘एकशे आठ’. नाहीतर चौघं चार तऱ्हांनी वाचतात. प्रत्येक पानाच्या तळाशी डॉक्टरांची सही आणि तारीख. सही नसलेलं पान बूथमध्ये जात नाही आणि जुन्या खर्ड्यांच्या प्रती मी फाडून टाकते. एका खर्ड्यातलं चुकीचं वाक्य दुसऱ्या खर्ड्याच्या मागे लपून बूथमध्ये जाणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे.

३० सेकंदांत साठ-पासष्ट शब्द बसतात. त्यात मुलगा, आई, बाप, आजी, पाऊस आणि दवाखाना. मण्यारच्या स्पॉटवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. मण्यार रात्री चावते, बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि चावल्याचं दुखत नाही. पुष्कळदा खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटातली कळ घेऊन उठतो, उलटी होते, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, काल काहीतरी बाधलं असेल. ओवा-पाणी देण्यात तास जातो. तेवढ्यात श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. म्हणजे साप कुठेच न दाखवता सर्पदंशाचा स्पॉट करायचा.

पहिल्या खर्ड्यात सूचना अशा होत्या: ‘दोरीने घट्ट बांधू नका. ब्लेडने चिरू नका. रुग्णाला चालवू नका.’ वाचायला बरोबर. पण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. डोंगराआड रेडिओची खरखर झाली, कुणी भांडं आपटलं, शेवटचा शब्द गेला, की ऐकणाऱ्याच्या कानात राहतं ‘दोरीने घट्ट बांधू’. आपण जे टाळायला सांगत होतो तेच शिकवून मोकळे. त्यामुळे जिथे जमेल तिथे ‘काय करायचं’ तेवढंच ठेवलं. ‘चालवू नका’ गेलं, ‘उचलून न्या’ आलं. जिथे नकाराशिवाय भागत नाही, तिथे तो संवादात घातला, छोटा आणि लगोलग: ‘दोरी नको, ब्लेड नको, गाडी काढ.’ यात ‘नको’ हरवलं तरी शेवटी गाडी उरते.

सकाळी ९.३०

सगळे जमतात. पहिली पंधरा मिनिटं कोण काय करणार याची. नव्या माणसाला हे फार औपचारिक वाटतं, पण ज्या दिवशी हे सांगायचं राहतं त्या दिवशी टॉकबॅकवर पाच जण बोलतात आणि कलाकार गोंधळतो. बूथमधल्या माणसाशी बोलायचं फक्त मी. आवाज, लेव्हल, माइकपासूनचं अंतर यावर शेवटचा शब्द रेकॉर्डिस्ट दादांचा. त्यांनी ‘परत’ म्हटलं की परत, कारण विचारायचं नाही. सहायक मुलीकडे स्टॉपवॉच आणि टेकशीट: टेकचा क्रमांक, सेकंद, आणि शेजारी एक-दोन शब्द, ‘आजी छान’, ‘हॉर्न’, ‘फंबल’. आरोग्य विभागातून आलेल्या मॅडम मागच्या खुर्चीवर. त्यांच्याकडे औषधसाठ्याची यादी आहे. तिचं काम दुपारी.

आणि डॉक्टर. ते कन्सोलच्या शेजारी, माझ्या डाव्या हाताला बसतात. त्यांना अभिनयावर मत द्यायचं नाही, ते देतही नाहीत. पण अर्थ बदलतोय असं वाटलं तर हात वर करून चालू टेक थांबवण्याचा अधिकार त्यांचा. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांना फक्त स्क्रिप्ट पाठवतात आणि सही मागवतात. माझ्या मते ते पुरेसं नाही. कागदावर बरोबर असलेलं वाक्य बोलताना बिघडतं. ‘खूण दिसेलच असं नाही’ या वाक्यात कलाकाराने ‘दिसेलच’वर जोर दिला की ऐकणारा हमखास खूण शोधायला लागतो. ते ऐकायला डॉक्टर समोरच हवेत.

सकाळी १०.००

मुलाचं काम आधी. सुट्टी आहे, पोरगं ताजंतवानं आहे, सोबत बाबा आहेत. बाराच्या पुढे मुलांचा आवाज खालावतो आणि कंटाळा कानाला कळतो. त्याचं वाक्य एवढंच: ‘आई, पोटात कळ येतेय. डोळे उघडत नाहीयेत गं.’

पोराने आधी जोरात विव्हळून दाखवलं, नाटकात करतात तसं. डॉक्टर आत जाऊन त्याच्या शेजारी सतरंजीवर बसले. म्हणाले, ‘हे बघ बाळा, तुला कुठे चावलंय ते तुलाच माहीत नाही. तू ओरडत नाहीस. तुला नुसतं झोपेतून उठता येत नाहीये.’ दादांनी माइक खाली, सतरंजीच्या जवळ आणला, आणि पोर आडवं पडूनच बोललं. आडव्या माणसाचा श्वास वेगळा येतो, तो उभं राहून आणता येत नाही. घरातली कांजी केलेली चादर खरखरत होती, ती काढून जुनी धुवट चादर दिली.

मधल्या वेळात बाबांनी डॉक्टरांना विचारलं, लहान मुलाला औषधाचा डोस कमी लागत असेल ना? डॉक्टर म्हणाले, नाही. साप माणसाचं वय बघून विष टोचत नाही. मोठ्याला जितकं प्रतिविष, तितकंच मुलाला. बाबा बराच वेळ गप्प होते.

सकाळी ११.००

आजी. ज्या ज्येष्ठ रंगकर्मी बाई हे काम करतात त्यांचं माहेर मंडणगडकडचं. येताच त्यांनी न सांगता बांगड्या आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. कोमट पाण्याचा घोट. तोंड माइकपासून एक वीत, जरा तिरकं, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा फुगा माइकवर आदळत नाही.

सूचना कोणी द्यायची यावर आमचा खल झाला होता. डॉक्टरच्या तोंडी द्यावी, असा आरोग्य विभागाकडून आलेला पहिला आग्रह. पण पहाटे चारला घरात डॉक्टर नसतो. घरात आजी असते आणि भगताला बोलवायचं की नाही हे बहुतेक तीच ठरवते. म्हणून बाप दोरी शोधतोय आणि आजी त्याला अडवते, असा प्रसंग केला.

त्यांना मी एवढंच सांगितलं: आजी, रडायचं नाही. तुम्ही हे आधी एकदा पाहिलेलं आहे आणि या वेळी काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी मान हलवली. ‘दोरी नको, भगत नको. पोराला निजवून, उचलून घे. एकशे आठ लाव.’ आवाज चढलेला नाही, पण बापाने ऐकलंच असतं असा. सहायक मुलीने टेकशीटवर फक्त एक रेघ ओढली, ठेवायच्या टेकची.

टेबलावर काढून ठेवलेल्या त्या बांगड्या-घड्याळाकडे बघून डॉक्टरांना दुसऱ्या स्पॉटमधलं एक वाक्य पुन्हा आठवलं. घोणस आणि फुरशाच्या चाव्याने हात-पाय सुजतात, अंगठी, बांगड्या, जोडवी रुततात. ती आधीच काढायला हवीत. जागेअभावी ते वाक्य मी कापलं होतं. त्यांनी ते परत मागितलं आणि त्यांचं बरोबर होतं. बदल्यात दोन विशेषणं गेली.

दुपारी १२.१५

कलाकार अजून आहेत तोवर कच्चा जोड लावून ऐकवायचा, हा माझा नियम. सगळे घरी गेल्यावर कळलेली उणीव भरून काढता येत नाही. वॉचमनकाका खेडचे. त्यांना आत बोलावलं आणि मण्यारचा स्पॉट एकदाच ऐकवला. कसा वाटला, असं विचारायचं नाही. आपल्या समोर कुणी वाईट म्हणत नाही. विचारायचं ते असं: ‘काका, हे तुमच्या घरी झालं तर तुम्ही काय कराल?’

काका म्हणाले, ‘पोराला उचलीन. एकशे आठला फोन लावीन.’ मग थांबून म्हणाले, ‘पण आमच्या वाडीवर गाडी वर चढत नाही, मॅडम. खालच्या रस्त्याला येते. तोवर बसून राहायचं काय?’

खोलीतल्या कुणाकडेच तयार उत्तर लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बसून राहायचं नाही. मिळेल त्या वाहनाने निघायचं. काहीच नसेल तर मोटरसायकल, पुढे चालवणारा, मागे धरणारा, मध्ये रुग्ण. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळांना वाचवलंय, पण घाटातल्या प्रत्येक वाडीसाठी तिची वाट बघणं परवडत नाही. आजींनी जेवणाआधी पुन्हा माइकसमोर बसून वाक्य दिलं: ‘एकशे आठ लाव, नाहीतर मिळेल त्या गाडीने नीघ.’ दीड सेकंद वाढला. तो निवेदनातून कापला.

दुपारी १.००

पोळीभाजी, ताक. थंड पाणी आणि दही कलाकारांनी घेऊ नये, असं दादांचं म्हणणं. आजींनी ऐकलं नाही आणि आवाजाला काही झालं नाही.

दुपारी २.००

भगताचा स्पॉट. यावर मी महिनाभर विचार करतेय. पहिला खर्डा भगताला भोंदू ठरवणारा होता. गावोगाव खर्डे ऐकवणाऱ्या आशाताईंपैकी एकीने फोनवर स्पष्ट सांगितलं: तो आमच्या गावातलाच माणूस आहे, त्याला शिव्या घातल्या तर बायका रेडिओ बंद करतील. तिचं बोलणं मला पटलं. भगतावरचा विश्वास नुसता अज्ञानातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मंत्र टाकल्यावर बरी झालेली माणसं गावाने खरोखर पाहिलेली आहेत. त्यांना खोटं पाडून काय मिळणार? मंत्रात जातो तो वेळ, आणि वेळच वाचवायचा आहे.

म्हणून या स्पॉटमध्ये भगतच बोलतो. रात्री लोक पोराला घेऊन त्याच्या दारात येतात आणि तो म्हणतो: ‘माझ्याकडे थांबू नका, तालुक्याला न्या. चला, मी पण येतो गाडीत.’ शेवटचं वाक्य त्या आशाताईनेच सुचवलेलं. त्यामुळे भगत गावाच्या नजरेतून उतरत नाही. काही ठिकाणी आरोग्य यंत्रणेने अशा वैदूंना हाताशी धरून रुग्ण वेळेवर पाठवायला शिकवलंय, तेव्हा हे नुसतं कल्पनेतलं नाही.

‘थांबू नका’ या दोन शब्दांतला नकार पुन्हा शेवटी आलाय, हे डॉक्टरांच्याच लक्षात आलं. ‘नका’ ऐकू गेलं नाही तर? आम्ही ते वाक्य सोडूनच दिलं. राहिलं: ‘आधी तालुक्याला न्या. चला, मी पण येतो.’ ऐकायलाही चांगलं झालं.

दुपारी ३.००

निवेदक. हा आवाज कुटुंबातल्या बापापेक्षा पूर्ण वेगळा हवा, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं बापच माहिती देतोय. त्यांना जाहिरातीचा चढा सूर येतो. तो आज उतरवून घ्यायचा. त्यांच्या वाट्याला दुसऱ्या स्पॉटमधलं महत्त्वाचं वाक्य आहे: साप मारण्यात, पकडण्यात वेळ घालवू नका, औषध एकच आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर भारतात एकच मिश्र प्रतिविष वापरतात. घोड्यांच्या रक्तापासून ते तयार होतं; मुंबईची हाफकिन संस्था त्यासाठी ओळखली जाते. साप पिशवीत घालून आणायची गरज नाही, हे लोकांना कळलं तर दुसरा चावा वाचतो. ‘वेळ घालवू नका’ला आम्ही इथेही बदललं: ‘साप जाऊ दे. तुम्ही निघा.’

चौथा स्पॉट छोट्या तयारीचा, पण मला प्रिय आहे: मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, रात्री बाहेर जाताना विजेरी आणि चप्पल. बस. आई रात्री निजताना मुलांना सांगते तसा.

दुपारी ३.४५

आता मॅडमची यादी. प्रत्येक स्पॉटच्या शेवटी पाच सेकंदांचा टॅग असतो: या तालुक्यात प्रतिविष कुठे मिळतं. दापोली, मंडणगड, गुहागर, खेड, महाड, पोलादपूर, माणगाव, प्रत्येकाचा वेगळा, एकामागून एक मुद्रित करायचा. निवेदकांना कंटाळवाणं काम, पण माझ्या दृष्टीने आख्ख्या दिवसातलं सगळ्यात जबाबदारीचं. ‘जवळच्या दवाखान्यात जा’ असं मोघम सांगितलं आणि तिथे औषध नसलं, तर पहाटेचे दोन तास आपण घालवले. म्हणून प्रत्येक नावासाठी लेखी पत्र मागवावं लागतं: साठा आहे, आणि रात्री तो टोचणारा डॉक्टरही आहे. श्वास अडखळला तर कृत्रिम श्वासोच्छ्वास देण्याची सोय कुठे, तेही.

महाडचं नाव आलं की डॉक्टरांना बावस्करांची आठवण होतेच. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर महाडमधूनच सिद्ध केला, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागलं नाही. कोकणातली माणसं कोकणातच वाचवता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं २०१७ मध्ये; मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. आराखड्यात जनजागृतीचं एक प्रकरण असतं. त्यातलंच हे टॅगचं काम.

सायंकाळी ५.००

कलाकार गेले. दादा आणि मी. पत्र्यावरचा पाऊस त्यांनी गेल्या पावसाळ्यात स्वतः मुद्रित केलेला आहे. तो सुरुवातीला हवा, पण त्याचा सळसळाट ‘स’, ‘श’, ‘प’ खाऊन टाकतो, म्हणून आजी बोलायला लागली की पाऊस जवळजवळ बंद. कुत्रं भुंकतं, मोटरसायकल सुरू होते, तेवढंच.

पुंगी, फुत्कार, धडकी भरवणारं संगीत यातलं काहीही नाही. एका बैठकीत हे ‘पकड’ घेण्यासाठी सुचवलं गेलं होतं. मला ते मान्य नाही. घाबरलेला माणूस ऐकत नाही. तो काठी शोधतो नाहीतर देवाला नवस बोलतो. त्याला या ३० सेकंदांत घरातलं एक शांत माणूस भेटायला हवं.

सायंकाळी ६.३०

मोठ्या स्पीकरवर सगळं छानच वाटतं. म्हणून एकदा मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, एकदा स्वयंपाकघरातल्या जुन्या रेडिओसारख्या डब्यावर, शेजारी मिक्सर चालू करून. बापाचा खालचा स्वर गायब झाला. दादांनी त्यातला जडपणा काढला. प्रत्येक स्पॉट २९ सेकंदांत बसवायचा. रेडिओवर जागा दहा-दहा सेकंदांच्या हिशोबात विकली जाते, आणि केंद्राच्या यंत्रणेने शेवटचा शब्द कापला तर तो आपल्याकडे दवाखान्याचं नाव असतो.

डॉक्टर फोनवर अंतिम फायली ऐकतात. हेडफोन लावून, एकेक. दुसऱ्या स्पॉटवर पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘ठीक आहे. पाठवा.’

रात्री ८.००

दोन वेगळ्या डिस्कवर प्रती. फाइलचं नाव: विषय, तालुका, सेकंद, तारीख. टेकशीट, सह्या असलेली पानं आणि साठ्याची पत्रं एका पाकिटात. पुढच्या वर्षी कुणी विचारलं की हे नाव कशाच्या आधारावर घेतलं, तर कागद दाखवता यायला हवा.

एका तालुक्याचं पत्र आलेलं नाही. मॅडमनी दिवसभरात तिथे फोन लावले, साठा मागवलाय असं उत्तर आलं. मागवलाय म्हणजे आहे असं नाही. टॅग मुद्रित झालाय, चांगला झालाय, निवेदकांचा दिवसातला सगळ्यात स्वच्छ टेक आहे. तो केंद्राकडे जाणाऱ्या फोल्डरमधून काढला आणि त्या तालुक्यासाठी शेजारच्या तालुक्यातल्या रुग्णालयाचं नाव असलेला टॅग लावला. अंतर जास्त आहे, पण औषध तिथे नक्की आहे. काढलेल्या फाइलपुढे ‘थांबवा’ लिहिलं. मॅडम उद्या दहा वाजता पुन्हा फोन करणार आहेत, आणि पत्र आलं तर दुपारच्या प्रसारणाआधी टॅग बदलता येतो, हे केंद्रातल्या ड्यूटीवरच्या माणसाला मी आत्ताच सांगून ठेवलंय.